चार कॉट, चार कुटुंबं : कॉलेजजवळची पेठ कागदावर गरीब का दिसते?

सोळा वर्षांनी देशात जनगणना होते आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख. म्हणजे मोजणी आधीपासून सुरू असली तरी आकडे त्या मध्यरात्रीच्या स्थितीचे धरायचे. हे आकडे हाती आले की पुण्याच्या सदाशिव, नारायण, नवी पेठेबद्दल बातम्या येणार. लोकसंख्या घटली, माणशी जागा वाढली की कमी झाली, एकेकाळचा सुखवस्तू भाग घसरला, वगैरे. त्यातले आकडे बरोबरही असतील, पण त्यावरून काढलेला अर्थ बराचसा चुकेल. कारण शिक्षणसंस्थांच्या आसपासच्या वस्तीत माणसं श्रीमंत किंवा गरीब होत नसतात, माणसं बदलत असतात. आकड्यात मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

हा फरक नीट कळायला आधी पेठेत काय झालं ते पाहू.

विद्यापीठ गणेशखिंडीत, विद्यार्थी पेठेत

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं आणि गणेशखिंडीत, गव्हर्नरांच्या जुन्या बंगल्यात बसलं. पण पुण्यातलं उच्च शिक्षण त्याच्या कितीतरी आधीचं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं, एसपी कॉलेज १९१६ चं. त्यामुळे विद्यापीठाच्या फाटकाबाहेर एक विद्यार्थ्यांची वस्ती उभी राहिली, असं इथे झालं नाही. विद्यार्थी कॉलेजांच्या मागे गेले, आणि कॉलेजं होती टिळक रस्ता, फर्ग्युसन रस्ता, कर्वे रस्ता यांच्या कडेला. मधला सगळा भाग पेठांचा आणि डेक्कनचा.

या मुलांत आणखी एक मोठा थर मिसळला, तो स्पर्धा परीक्षावाल्यांचा. बीड, लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाणा, सोलापूर, कुठूनही आलेली मुलं-मुली पदवी घेऊन झाल्यावर एमपीएससीसाठी इथे राहतात. शास्त्री रस्ता, नवी पेठ, पेरूगेट हा त्यांचा इलाखा. मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली आणि ही मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली. या भागात किती विद्यार्थी कोंबून राहतात हे बाकीच्या पुण्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसलं. एरवी ती अभ्यासिकेत मान खाली घालून बसलेली असतात.

आणि आधीची माणसं? ती विद्यार्थी यायच्या आधीच हलायला लागली होती. वाड्यांमधल्या भाडेकरूंना १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण होतं आणि भाडं गोठलेलं होतं. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडंच पन्नास-साठ रुपये असेल तर त्याचे चार टक्के म्हणजे दोन-अडीच रुपये. एवढ्यात कौलं कोण शाकारणार? वाडे खचले, पडले, बिल्डरकडे गेले. त्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या. तोवर मालक आणि भाडेकरू दोघांचीही पुढची पिढी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, नाहीतर थेट अमेरिकेत पोचली होती. पेठेत फ्लॅट उरला, त्यात आई-वडील उरले, आणि काही वर्षांनी नुसता फ्लॅटच उरला.

त्या फ्लॅटला अकरा महिन्यांचा करार लागू होतो. कायद्याच्या भाषेत हा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायची फक्त परवानगी. यात राहणाऱ्याला भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. पिढ्यान् पिढ्या न हलणाऱ्या भाडेकरूने पोळलेल्या मालकाला दर वर्षी बदलणारा विद्यार्थी म्हणूनच आवडतो. विद्यार्थी पेठेत टिकला त्यात जुन्या भाडेकायद्याचा हात मोठा आहे, हे सहसा कुणी बोलत नाही.

ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांनी जास्त पैसेवाल्यांना कसं हटवलं?

पहिली शंका इथेच येते. शेतकऱ्याचा मुलगा घरून आलेल्या नऊ-दहा हजारांत महिना काढतो. बँकेत नोकरी असलेलं कुटुंब त्याच्यापुढे माघार का घेईल?

वडाप पाहिलं असेल तर उत्तर सोपं आहे. तालुक्याच्या गावी जीप भरते ती सीटवर. प्रत्येकाकडून थोडे थोडे. तीच जीप कुणी 'स्पेशल' ठरवायची म्हटली तर ड्रायव्हर सगळ्या सीटांची बेरीज मागतो, आणि ती बेरीज एका घराला परवडत नाही. जीपमध्ये बसलेल्यांत तुमच्याहून श्रीमंत एकही नसतो.

कॉट बेसिस म्हणजे घराचं वडाप. समजा दोन बेडरूमच्या फ्लॅटला कुटुंब महिना वीस हजार द्यायला तयार आहे. त्याच फ्लॅटमध्ये सहा कॉट टाकल्या आणि कॉटमागे चार हजार घेतले, तर चोवीस हजार होतात. हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं आणि आठ कॉट बसवल्या, तर बत्तीस. (हे आकडे समजावण्यापुरते. खरे भाव गल्लीगणिक आणि परीक्षेच्या जाहिरातीगणिक बदलतात.) एकेका मुलाची ऐपत कुटुंबाच्या निम्मीही नाही, पण सहा ऐपती एकत्र आल्या की कुटुंब बाहेर. मालकाला लबाड असण्याची गरज नाही, त्याला फक्त बेरीज यावी लागते.

मोठ्या फ्लॅटचा भाव एकदा असा कॉटवर ठरू लागला की तो तिथून खाली येत नाही. विकत घेणाराही 'इथे किती कॉट बसतील' हा हिशोब करून किंमत देतो. लग्न होऊन स्वतंत्र घर शोधणारं जोडपं, दोन खोल्यांत राहणारं रिक्षावाल्याचं कुटुंब, आजवर इथेच भाड्याने राहिलेले पुजारी, शिक्षक, छापखान्यातले कामगार, अशा सगळ्यांना पेठ महाग होते. आणि महाग करणारे स्वतः मेसच्या कार्डावर खाडे मांडून पैसे वाचवणारे.

ब्रिटनमध्ये हेच घडलं, तेव्हा अभ्यासकांनी त्याला विद्यार्थीकरण असं नाव दिलं. लीड्स शहरातली हेडिंग्ली ही वसाहत त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानामुळे नाव माहीत आहे, पण त्या मैदानाभोवतीच्या विटांच्या जुन्या घरांत एकेका खोलीत एकेक विद्यार्थी गेला आणि कुटुंबं निघून गेली. २०१० साली इंग्लंडने नियोजनाच्या नियमांत अशा घरांसाठी वेगळा वर्गच काढला : एकमेकांशी नातं नसलेली तीन ते सहा माणसं जिथे राहतात ते घर. त्यामुळे कुठल्या भागात अशी घरं आणखी होऊ द्यायची की नाही, हे तिथल्या नगरपालिकांना ठरवता येऊ लागलं. आपल्याकडे हा निर्णय सोसायटीच्या नोटीसबोर्डावर होतो : 'बॅचलर्सना जागा दिली जाणार नाही.'

कुटुंब म्हणजे चूल

आता आकड्यांकडे. २०११ च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेल्या सूचनांत कुटुंबाची व्याख्या होती ती अशी : जी माणसं साधारणपणे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात शिजलेलं जेवतात, ते एक कुटुंब. रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही. उलट नातं नसलेली माणसं एका घरात राहत असतील आणि एका चुलीवर जेवत नसतील, तर प्रत्येक जण वेगळं कुटुंब धरायचा. वसतिगृहासारख्या जागा 'संस्थात्मक कुटुंब' म्हणून निराळ्या मोजायच्या.

हा नियम घेऊन कॉट बेसिसच्या फ्लॅटमध्ये शिरा. चार लोखंडी कॉट, प्रत्येकीच्या डोक्याशी चार्जर आणि भिंतीवर वेळापत्रक. एका भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. स्वयंपाकघरात ओट्याखाली बॅगा, ओट्यावर पुस्तकांच्या थप्प्या, सिंकमध्ये धुवायचे डबे. गॅस नाहीच, मालकाने दिलेला नाही. दोघांची मेस पेरूगेटजवळ, एकाचा डबा येतो, चौथा एका वेळी मेस आणि एका वेळी वडापाव. चूल नाही, म्हणजे कागदावर ही चार कुटुंबं झाली.

शेजारच्या इमारतीतल्या चार मुलींनी सिलिंडर घेतला आहे आणि त्या पाळीपाळीने पोळ्या करतात. त्या एक कुटुंब.

यातून उत्पन्नाच्या सरासरीचं काय होतं ते करून पाहू. समजा एका इमारतीत दहा कुटुंबं, प्रत्येकी चार माणसं, प्रत्येक कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न साठ हजार. सरासरी अर्थातच साठ. आता दोन कुटुंबं कोथरूडला गेली आणि त्यांच्या दोन फ्लॅटमध्ये चार-चार विद्यार्थी आले, प्रत्येकाचे घरून दहा हजार. सगळे मेसवर जेवत असतील तर ही आठ नवी कुटुंबं. इमारतीत आता सोळा कुटुंबं, एकूण पैसे पाच लाख साठ हजार, सरासरी पस्तीस हजार. साठावरून पस्तीस!

पण त्याच मुलांनी गॅस घेतला, तर दोनच नवी कुटुंबं होतात, प्रत्येकी चाळीस हजारांची. एकूण कुटुंबं दहा, सरासरी छप्पन हजार. आणि कुटुंब सोडून माणशी हिशोब केला तर आधी पंधरा हजार होते, आता चौदा.

तीच माणसं, तेच पैसे. एका पद्धतीने इमारत जवळजवळ निम्म्यावर आली, दुसरीने जराशी उतरली. उरलेल्या आठ घरांतल्या कुणाचा एक रुपयाही कमी झालेला नाही. गेलेल्या दोघांचं उत्पन्न तर वाढलं, कारण त्यांना आता पेठेतलं भाडं मिळतं, पण ते कोथरूडच्या खात्यात दिसेल. म्हणून 'अमुक वस्तीचं कौटुंबिक उत्पन्न घसरलं' असं वाचलं की आधी विचारायचं, कुटुंब कशाला धरलं?

पण जनगणना उत्पन्न विचारतच नाही

बरोबर. तुमचा पगार किती, हा प्रश्न आपल्या जनगणनेत नसतो. घरयादीच्या टप्प्यात वस्तू विचारतात. २०११ मध्ये रेडिओ, टीव्ही, संगणक, फोन, सायकल, दुचाकी, मोटार, बँक खातं असं विचारलं होतं. त्यावरून लोक सुबत्तेचा अंदाज बांधतात. कॉटवरच्या मुलाकडे टीव्ही नाही, मोटार नाही, स्वतःचं घर नाही, स्वयंपाकघर नाही. लॅपटॉप असेल कदाचित. या यादीनुसार तो झोपडपट्टीतल्या कुटुंबाच्या रांगेत बसतो. वर्षा-दोन वर्षांत तो नायब तहसीलदार होऊ शकतो, किंवा चार अटेम्प्टनंतर गावी परत जाऊ शकतो. यादीला यातलं काही दिसत नाही.

खर्चाची आणि रोजगाराची माहिती सरकारी नमुना पाहण्यांतून येते, पण तिथले नमुने राज्याचं चित्र सांगायला पुरतात, एका पेठेचं नाही. म्हणजे पेठेचं उत्पन्न किती बदललं याचा थेट सरकारी आकडा मुळात नाही. जे काही सांगितलं जातं ते घरभाडं, जागेचे भाव, वस्तूंची यादी यावरून लढवलेले तर्क असतात.

अमेरिकेत उत्पन्न थेट विचारतात, तिथेही हा घोळ टळलेला नाही. तिथे वसतिगृहातले विद्यार्थी गरिबीच्या मोजणीतून वगळतात, पण बाहेर खोली घेऊन राहणारे धरतात. शैक्षणिक कर्ज हे उत्पन्न नव्हे, त्यामुळे कर्जावर शिकणारा मुलगा कागदावर कंगाल. तिथल्या जनगणना खात्यानेच २००९ ते २०११ ची आकडेवारी घेऊन असे विद्यार्थी बाजूला काढून पाहिले. देशाचा गरिबीचा दर १५.२ टक्क्यांवरून १४.५ वर आला. अख्ख्या देशात पाऊण टक्क्याच्या आसपास फरक म्हणजे लहानशा कॉलेजच्या गावात तो किती मोठा पडत असेल!

घरमालकांचं तर भलं झालं ना?

काहींचं झालं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पेन्शन नसलेल्या एखाद्या आजींना आतल्या खोलीतल्या दोन मुलींचं भाडं म्हणजे औषधपाणी आणि रात्रीची सोबत. अशा घरांत मुली आजींना मोबाइलवर बिल भरून देतात आणि आजी त्यांच्या आयांना फोनवर 'काळजी करू नका' म्हणतात.

पण मालक तिथे राहत नसला की गणित बदलतं. नफा एकीकडे जातो आणि त्रास दुसरीकडे उरतो. चार माणसांच्या हिशोबाने बांधलेल्या टाकीवर आठ जणांच्या आंघोळी. जिन्यात चपलांचा ढीग, पार्किंगमध्ये सहा दुचाक्या. सोसायटीला जादा आकारायचं म्हटलं तर राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही अशा फ्लॅटवर सोसायटी घेते ती रक्कम, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर बांधलेलं आहे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जायला हवी. जायला हवी, एवढंच म्हणतो.

या सगळ्याचा राग निघतो तो मुलांवर. पाणी संपलं, गेट उघडं राहिलं, रात्री दोनला जिन्यात हसण्याचा आवाज आला, की बोलणी त्यांना. कोथरूडच्या मालकाला कुणी फोन करत नाही. मला यातलं हे सगळ्यात अन्यायाचं वाटतं.

झेरॉक्स वाढतात, बालवाड्या मिटतात

वस्तीचं वय बदललं की दुकानं बदलतात. सत्तरीच्या पुढचे आणि तिशीच्या आतले, असे दोनच थर उरतात. मधला, म्हणजे पाळण्यापासून दहावीपर्यंतची मुलं आणि त्यांचे आईबाप, विरळ होतो. मग खेळण्यांचं दुकान, शिंपी, पिठाची गिरणी यांचं गिऱ्हाईक आटतं आणि मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, चहा-पोह्याची टपरी, केशकर्तनालय, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी औषधांची दुकानं यांचं वाढतं. मराठी शाळा ओस पडण्यामागे इंग्रजी माध्यमाची ओढ आहेच, पण शाळेच्या चालत्या अंतरात लहान मुलंच उरली नसतील तर माध्यम बदलूनही उपयोग नाही. हेडिंग्लीतही शाळांची हीच तक्रार होती, आणि तिथे माध्यमाचा प्रश्न नव्हता.

राजकीय बाजू आणखी विचित्र. मुलांची मतं गावाकडे. पेठेच्या नगरसेवकाला त्यांच्याकडून मत नाही, म्हणून रात्रीचे दिवे, स्वच्छतागृहं, मेसच्या अन्नाची तपासणी हे विषय कुणाच्याच जाहीरनाम्यात ठळक नसतात. त्यात २०२६ च्या महापालिका निवडणुकीचे प्रभागही २०११ च्या आकड्यांवर पाडावे लागले.

सगळीकडे असंच होतं का?

नाही. कधी विद्यापीठाच्या शेजारी उलटा प्रवाह येतो. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पश्चिमेकडचा भाग नव्वदच्या दशकात गुन्हेगारीने पोखरलेला होता. विद्यापीठाने स्वतः रस्त्यांचे दिवे, सफाई, सुरक्षा यांत लक्ष घातलं, प्राध्यापकांना जवळ घर घ्यायला मदत दिली आणि शहराच्या शाळाखात्याबरोबर एक चांगली सरकारी शाळा काढली. परिणाम असा, की त्या शाळेच्या हद्दीतली घरं कडाडली आणि कृष्णवर्णीय जुन्या रहिवाशांना तिथे परवडेनासं झालं. तिथे सरासरी वर गेली. म्हणून जुने लोक श्रीमंत झाले का? तर नाही, तिथेही माणसंच बदलली. पुण्यात विमाननगरकडे खासगी विद्यापीठांची जादा फी भरणारी मुलं एसी, जेवण, धुणं यांसकट पीजीत राहतात. तिथलं चित्र पेठेपेक्षा फिलाडेल्फियाच्या जवळचं आहे.

हॉस्टेलं बांधली की प्रश्न मिटेल

थोडा मिटेल. अडचण अशी की एमपीएससी करणारा मुलगा कुठल्याच कॉलेजचा विद्यार्थी नसतो. त्याचा प्रवेश नाही, म्हणून हॉस्टेलवर हक्क नाही. कॉलेजांनी खोल्या दुप्पट केल्या तरी शास्त्री रस्त्यावरची गर्दी तशीच राहील.

वसतिगृहात नंबर न लागलेल्यांना राहण्या-जेवणासाठी रोख मदत देणाऱ्या सरकारी योजना आहेत, स्वाधार ही त्यातली एक. त्या हव्यातच. पण कॉटची संख्या तेवढीच राहिली आणि मुलांच्या हातात पैसे वाढले, तर त्यातला काही भाग भाड्यातून मालकाकडे वळतो. मदतीसोबत जागाही वाढली तरच पैसे मुलाच्या ताटात पडतात.

आणि क्लास ऑनलाइन झाले तर पेठ रिकामी होईल, ही आशाही पूर्ण खरी नाही. टाळेबंदीत २०२० साली मुलं बॅगा खोलीतच टाकून गावी गेली, मेस बंद पडल्या, रिकाम्या खोल्यांच्या भाड्यावरून आणि डिपॉझिटवरून भांडणं झाली. पण शिकवणी मोबाइलवर मिळत असूनही मुलं परत आली. त्यांना इथे शिकवणीपेक्षा अभ्यासिकेतली खुर्ची हवी असते. शेजारी तेच वाचणारा कुणीतरी हवा असतो, आणि 'यंदा लग्नाचं बघू का' असं कुणी विचारणार नाही एवढं अंतर हवं असतं.

तक्ते आल्यावर कुठे बघायचं

पेठेपुरते तक्ते प्रसिद्ध झाले, तर एकूण लोकसंख्येवर आणि वस्तूंच्या यादीवर थांबू नका. वयोगटाचा तक्ता काढा आणि वीस ते एकोणतीसचा आकडा शून्य ते नऊच्या आकड्याशेजारी ठेवा. एकमाणशी कुटुंबं किती ते बघा, आणि त्यात साठीच्या पुढचे किती, विशीतले किती हे वेगळं करा. दोघंही कागदावर 'एक माणूस, एक कुटुंब' असतात. एकाला दवाखान्यात नेणारं कुणी हवं आहे आणि दुसऱ्याला स्वस्तातली खोली, पण सरासरीत दोघांची बेरीज होते. मग स्थलांतराचा तक्ता : इथे येऊन एक वर्षही न झालेले किती, आणि आल्याचं कारण शिक्षण सांगणारे किती. तयारी करणारी बरीच मुलं कारण काय सांगतील, शिक्षण की काम, हे मात्र विचारणाऱ्या प्रगणकावर आणि त्या दिवशी लागलेल्या निकालावर अवलंबून.